खंडेनवमीला धुतलेल्या बाटल्या

परभणी, दसऱ्यानंतरचा रविवार

तीर्थरूप सूर्यभानदादा यांस,

रंगनाथचा साष्टांग नमस्कार. गंगाखेडची सगळी मंडळी खुशाल असतील. कुसुम बाळंतपणाला तुमच्याकडे आहे, तिला जास्त वाकू देऊ नका. (तुमची बहीण ऐकणार नाही, तरी सांगा.) माझी प्रकृती बरी आहे, नाक सोडून. सर्दीने ते पार बंद आहे, आणि ते चालू असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

खंडेनवमीला शेतकरी औतं पूजतो, तशी आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेची पूजा होते. यंदा शिपाई मुंजाजीला भक्तीचं भरतं आलं. "सायेब, पारोश्या बाटल्या कशा पुजायच्या?" म्हणत त्याने त्या हौदात बुडवल्या, घासल्या, हळदकुंकू लावलं. बाटल्या उजळल्या, चिठ्ठ्या वाहून गेल्या. बाकीच्या ओळखल्या, पण ॲसिटोन आणि प्रोपिओनाल्डिहाइड ही दोन पाण्यासारखी दिसणारी द्रव्यं उरली. दोन्हींत अणू तेच आणि तेवढेच, बांधणी तेवढी वेगळी. (त्याच विटांचा एकाने ओटा बांधावा, दुसऱ्याने चूल, तसं.)

परीक्षा तोंडावर. विभागप्रमुख दिनकरराव सर म्हणाले, मुलांपुढे चुकीची बाटली गेली तर पुढच्या वर्षीची नेमणूक विसरा. वासावरून ओळखावं तर माझं नाक बंद, आणि सरांचं तपकिरीने केव्हाच कामातून गेलेलं. औरंगाबादला द्रवाचा आलेख काढणारं यंत्र आहे, तिकडे नमुने पाठवले, तर नामांतराच्या बंदमुळे पार्सल वाटेतच अडकलं. मग आयोडीनची परीक्षा लावली. ॲसिटोन असेल तर पिवळा साका बसतो. पण बाटल्यांवरच्या पूजेच्या हळदीने माझी बोटं माखलेली, आणि या परीक्षेत कॉस्टिक सोडा घालावा लागतो. हळदीला तो लागला की ती लाल होते. दोन्ही नळ्या लालभडक! सरांनी शांतपणे विचारलं, यातलं कुंकू कोणतं?

उरली चांदीची परीक्षा. अमोनियातली चांदी घालून नळी कोमट पाण्यात ठेवली, की आल्डिहाइड असेल तर काचेला आतून आरसा चढतो. सिल्व्हर नायट्रेट नेमकं संपलेलं. मग घरातली एक चांदीची वस्तू तेजाबात विरघळवली, मीठ टाकून चांदी वेगळी केली. आणि दादा, एका नळीत असा आरसा उमटला की सरांनी त्यात बघून टोपी सारखी केली! दुसरी नळी जशीच्या तशी. काल औरंगाबादचा आलेखही आला. आल्डिहाइडची खूण असलेले दोन खळगे आरसा देणाऱ्या बाटलीच्याच कागदावर आहेत. नेमणूक वाचली. आनंदाच्या भरात मी मुंजाजीलासुद्धा चहा पाजला.

आपला,
रंगनाथ

ता. क. ती वस्तू म्हणजे कुसुमचे पैंजण. पाय सुजले म्हणून ती काढून ठेवून गेली होती. बारसं उरकून ती परत यायच्या आत तिथल्या सोनाराकडून तसाच जोड घडवून पाठवावा. तिला यातलं काही सांगू नये. मला तिची भीती वाटते, खोटं कशाला बोलू?

आणखी एक. पैंजण तेजाबात टाकले तेव्हा पाणी निळंशार झालं. चांदीने पाणी निळं होत नाही, तांब्याने होतं. लग्नात हे पैंजण तुम्ही स्वतः उभं राहून घडवून घेतले, असं तुमचे वडील अजून चारचौघांत कौतुकाने सांगतात. मी त्यांना काही लिहिलेलं नाही. जोड कधी पाठवता?