हॉलंडहून आणलेला प्रशिक्षक

४ ऑगस्ट, सोमवार

परत बाहेरचाच!

सकाळी डान्यालचा फोन. फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष झाला म्हणून काय झालं, माझ्या बायकोचा, तूरीचा सख्खा भाऊ आहे — निदान घरी येऊन सांगायचं. मंडळाने हॉलंडचा कोणी वेसेल राष्ट्रीय संघाला प्रशिक्षक म्हणून नेमला. मी सहायक आहेच म्हणे. आहेच! कोपऱ्यातलं कपाट असावं तसा.

हा तिसरा. आधी तो डॅनिश, मग स्वीडिश, आता हा. एक गेला की दुसरा येईपर्यंत संघ सांभाळायचा सामलने, आणि नव्या साहेबाला विमानतळावरून आणायचंही सामलनेच.

मोठ्या देशांनी काय करायचं ते करावं. पण आपली फेरो बेटं ती केवढी! आमचा गोलरक्षक सुतार, मधल्या फळीतले दोघे माशांच्या कारखान्यात. निम्म्या पोरांना मी लहानपणी बुटांच्या नाड्या बांधून दिल्यात. राष्ट्रगीत सुरू झालं की ज्याचे ओठ हलत नाहीत, त्याला बाकावर बसवून राष्ट्रीय संघ कसा म्हणायचा? आमच्यात काय कोणी माणूसच नाही?

तूरीला हे सगळं बोलून दाखवलं. ती मासा साफ करत होती. "जाऊ दे ना सामल." तिचं दर वेळचं ठरलेलं.

९ ऑगस्ट

दाट धुकं होतं. वेसेलचं विमान उतरता न येऊन नॉर्वेत बर्गनला परत जाईल अशी फार आशा होती. उतरलं.

१७ ऑगस्ट, रविवार

तूरीने त्याला जेवायला बोलावलं. मला न विचारता.

मनात म्हटलं बरंय, वाऱ्यावर वाळवलेलं मटण वाढ म्हणजे मजा येईल. डॅनिश माणसाने त्या वासानेच खुर्ची मागे सरकवली होती, स्वीडिशाने पोट बिघडल्याचं सांगितलं होतं. या गृहस्थाने एक तुकडा खाल्ला, थांबला, आणि आणखी मागितला. मग आणखी. तूरी नुसती खूश. निघताना रुबार्बच्या मुरंब्याची बरणी बांधून दिली. घरात शेवटचीच होती ती. उद्या पावाला काय लावू?

२ सप्टेंबर

सराव. सारखा मलाच विचारतो — हा कसा, तो कसा, याचं लग्न झालंय का, तो रात्रपाळी करतो का. मी सांगतो. दुसऱ्या दिवशी पेपरात येतं की नव्या प्रशिक्षकाची नजर बारीक आहे.

बरं, तो स्वतः सगळ्यांसमोर म्हणतो की हे सामलने सांगितलं. पेपरवाले तेवढं गाळतात. त्याचा राग करावा तर तोही धड करता येत नाही, याचाच जास्त राग येतो.

७ सप्टेंबर

काल एस्टोनियाशी बरोबरी. आमचा गोल फ्री किकवर आला. वारा असा की चेंडू जागेवर ठरेना, म्हणून आमच्या एकाने पोटावर पडून बोटाने धरून ठेवला आणि दुसऱ्याने मारला. एस्टोनियाची पोरं हसत होती, तोवर चेंडू जाळ्यात.

आज परदेशी वाहिनीवर दाखवताहेत — हॉलंडच्या प्रशिक्षकाची अफलातून युक्ती! अरे, आमची शाळेतली पोरं हे करतात! माझ्या आजोबांनी केलंय! टीव्ही बंद केला. तूरीने पुन्हा लावला.

२५ सप्टेंबर

वेसेलने बार्टलला काढलं. कप्तानाला!

बार्टल म्हणजे शेजारच्या हानुसचा मुलगा. सात वर्षांचा होता तेव्हापासून माझ्या हाताखाली. माझी आणि हानुसची मेंढरं एकाच डोंगरावर चरतात, दोन्ही घरांमध्ये कुंपणसुद्धा नाही.

वेसेल मला म्हणाला, "त्याचा गुडघा गेलाय. तुला दिसत नाही?" दिसतो. दोन वर्षं झाली दिसतोय. स्वीडिश गेल्यावर मधल्या सामन्यांना मीच संघ निवडला, तेव्हाही दिसत होता आणि तरी खेळवला. पण हे कप्तानाला तोंडावर कसं सांगणार? वेसेलने फोन उचलला, सांगितलं, ठेवला. मग कॉफी घेतली. मला त्या क्षणी त्याचा इतका हेवा वाटला की खोलीबाहेर जाऊन उभा राहिलो.

४ ऑक्टोबर, शनिवार

आज डोंगरावरून मेंढरं खाली आणली. मला कोणी बोलावलं नाही.

दर वर्षी हानुस दार वाजवतो. आम्ही रांग धरून चढतो, प्रत्येक घराची रांगेतली जागा ठरलेली. माझी जागा ओढ्याच्या अंगाला, माझ्या वडिलांची होती ती. सकाळी बूट घालून बसलो होतो. खिडकीतून बघितलं तर रांग वर निघालेली, आणि ओढ्याच्या अंगाला बार्टल. माझी मेंढरंसुद्धा त्यांनीच आणून, दारात न आणता, मेंढवाड्यात सोडली.

दुकानात कळलं काय ते. बाहेरच्या माणसाला आपल्यातलं काय कळतंय, बार्टलला काढायचं सामलनेच सुचवलं असणार — असं चाललंय गावात. शेल्फाशी उभी हानुसची बायको मला बघून पलीकडच्या बाजूला गेली.

आणि रांगेत आणखी कोण होतं? वेसेल! हानुसने स्वतः बोलावलं! संध्याकाळी गुडघ्यापर्यंत चिखलात माखून आला, लहान मुलासारखा खूश. हानुसने त्याला रश्श्याचा वाडगा दिला, बाटलीतला घोटही दिला. ज्याने मुलाला काढलं त्याला रस्सा, आणि मला पाठ!

तूरी आज "जाऊ दे" म्हणाली नाही.

१२ ऑक्टोबर

काल जिंकलो. बार्टलच्या जागी आलेला पोरगा उत्तम खेळला. सगळे नाचत होते. मी टाळ्या वाजवल्या. आनंद झाला नाही, हे इथे लिहून ठेवतो कारण दुसरीकडे कुठे लिहिणार?

२१ ऑक्टोबर

वेसेल चालला! बेल्जियमच्या मोठ्या क्लबाने बोलावलंय, नोव्हेंबरचे सामने झाले की जाणार. सरावानंतर गाडीत बसून सांगितलं. पुढे म्हणाला, "मी डान्यालला बोललोय. दुसरा कोणी शोधू नका, सामलला नेमा. या संघातलं मला जे कळलं ते सगळं त्याच्याकडून कळलं."

इतके दिवस ज्याच्या नावाने बोटं मोडली, त्याने हे करावं! घरी येऊन तूरीला मिठीच मारली. म्हटलं, या वेळी होणार. तिने माझ्या कोटाचं बटण लावलं, हात तसाच ठेवला, आणि म्हणाली की रस्सा गार होतोय.

पहिला संघही मनात मांडून झाला. बार्टलचं बघू.

३० ऑक्टोबर

नॉर्वेचा.

नॉर्वेचा कोणी माणूस. मी सहायक आहेच.

राजधानीत, तोर्शावनला डान्यालच्या ऑफिसात गेलो. जन्मात असा ओरडलो नसेन. विचारलं, कोणाच्या डोळ्यांत खुपतोय मी? मंडळातला कोण आहे तो? नाव सांग! बाहेरच्या मुली टाइप करायच्या थांबल्या. तो खाली मान घालून ऐकत राहिला. वेसेलने माझी शिफारस केली ती खरी, मंडळातही माझ्याविरुद्ध कोणी नव्हतं, असं म्हणाला. मग? त्याने उठून दार लावलं. मग अगदी हळू म्हणाला, "घरी विचार."

३१ ऑक्टोबर

विचारलं.

तूरीने हात पुसले आणि समोर बसली. "चारही वेळा मीच डान्यालच्या पाया पडले, तुला नेमू नये म्हणून. बाहेरचा आपला आपला निघून जातो, सामल. आपल्याला हानुसच्या शेजारीच म्हातारं व्हायचंय."