लोरेटासाठी सॉसेज-बटाट्याचं सूप

४ फेब्रुवारी, रविवार

आजपासून रोज लिहायचं. रिटायर्ड माणसाला शिस्त हवी.

परिस्थिती अशी: लोरेटा नदीपलीकडे न्यू जर्सीत, तिच्या बहिणीकडे राहायला गेलीय. आराम करायला. नोव्हेंबरपासून आराम करतेय. घर, चर्च, दुकानातली नोकरी आणि मी, एवढं सगळं सांभाळून दमतं माणूस. माझी मोठी बहीण फिलो म्हणते, आराम कसला गाढवा, बायको सोडून गेली तुला. फिलोला प्रत्येक गोष्टीचा बाऊ करायची सवयच आहे.

परवा लोरेटाला फोन केला होता, हीटरचा फिल्टर कुठे ठेवलाय विचारायला. बाई जी सुरू झाली! आधी फिल्टर, मग माझे चिखलाचे बूट, मग माझी आई, मग लग्नानंतर समुद्रावर गेलो होतो तेव्हा मी गाडीत झोपून राहिलो होतो ते. श्वास घ्यायला थांबली नाही. प्रेम संपलेली बाई एवढी ओरडेल का? कशाला ओरडेल? फिलोला हे कळत नाही, कारण तिचा नवरा बहिरा आहे.

६ फेब्रुवारी, मंगळवार

ठरलं. सूप करणार. सॉसेज, बटाटे, केल नावाच्या भाजीची पानं, वरून क्रीम. लोरेटाचं सूप. हिवाळाभर आमच्या घरात तेच असायचं. आता ते मी तिला करून घालणार. ती येईल, एक चमचा तोंडात घालेल, कोट काढून खुंटीला लावेल. विषय संपला.

रेसिपी लागणार नाही. तीस वर्षं त्याच स्वयंपाकघरात बसून पेपर वाचलाय मी.

८ फेब्रुवारी, गुरुवार

ट्रायल झाली. बटाटे वाईट निघाले. बाजारात हल्ली चांगला बटाटा मिळतच नाही. एकीकडे विरघळून गेला, दुसरीकडे मधे कच्चा. कांदा आपोआप जळला. क्रीम घालून दणदणीत उकळी काढली तर ते फाटलं, पांढऱ्या गुठळ्या वर तरंगायला लागल्या. चाळीस वर्षं लोकांच्या भिंतींना प्लास्टर केलंय, त्या अनुभवावरून सांगतो, हे भिंतीला नक्की धरलं असतं.

तरी दोन वाडगी खाल्लं. अन्न टाकायचं नाही.

१० फेब्रुवारी, शनिवार

लोरेटाला फोन केला. सहज विचारतोय असं दाखवून विचारलं, क्रीम का फाटतं. झालं! अरे देवा, म्हणाली, तीस हिवाळे तुझ्या नाकासमोर केलं, एकदा मान वर करून बघितलं असतंस तर! सॉसेज कातडीतून काढून परतायचं, सुटलेल्या चरबीतच कांदा-लसूण, मग पाणी आणि बटाटे, पानं शेवटी, आणि क्रीम घातलं की गॅस बारीक, उकळी नाही म्हणजे नाही, ऐकतोयस का कोसिमो? ऐकत होतो. कान गरम झाले. फार बरं वाटलं.

शेवटी म्हणाली, शुक्रवारी संध्याकाळी माझे उन्हाळ्याचे कपडे न्यायला येते, घरी असशील ना?

येते म्हणाली! स्वतःहून! फेब्रुवारीत उन्हाळ्याचे कपडे कोण नेतं? निमित्त आहे. बायकांना निमित्त लागतं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

रात्रभर बर्फ पडला. सकाळी फावड्यानं दारासमोरची जागा मोकळी केली, लोरेटाच्या गाडीसाठी. कंबर गेली. जागा कोणी बळकावू नये म्हणून आपल्या गल्लीच्या रीतीप्रमाणे मध्ये स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवली.

शेजारचा अल्फोन्स आला आणि म्हणाला, तुझी गाडी तर मागच्या गल्लीत आहे, मग ही खुर्ची कोणासाठी? म्हटलं, लोरेटासाठी. त्यानं खुर्ची जरा सरळ करून ठेवली. मग म्हणाला, राहू दे, मी माझी गाडी लावतो कोपऱ्यावर. अल्फोन्स कधी इतकं नमतं घेत नाही. खुर्चीला मान आहे अजून आपल्या भागात.

१४ फेब्रुवारी, बुधवार

राखेचा बुधवार, ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ आजपासून. यंदा त्याच दिवशी व्हॅलेंटाइनही आलाय, म्हणजे कपाळावर राख आणि हातात गुलाब. विचित्र दिसतं.

चर्चच्या दारात नेहमीचंच, ईस्टरपर्यंत तू काय सोडलंस, तू काय सोडलंस. फिलोनं गोड सोडलं. मी वाइन सोडली. लाल. पांढरीबद्दल मी फादरना काही बोललो नाही, त्यांनीही विचारलं नाही.

दुपारी लोरेटाला फोन केला, शुभेच्छा द्यायला. मुद्दाम सांगितलं की फिल्टर अजून बदललेला नाही. म्हणाली, बरं. म्हटलं, बूट घालूनच गालिच्यावर फिरतोय. म्हणाली, असू दे, काळजी घे, शुक्रवारी येते.

एक अक्षर रागाचं नाही! प्रगती आहे. फिलोला लगेच कळवलं. फिलोनं विषय बदलला, जेवलास का म्हणाली. काय बोलणार?

१५ फेब्रुवारी, गुरुवार

खाटकाकडे गेलो. साव्हेरिओनं विचारलं, तिखट की साधं? अर्धं अर्धं घेतलं, बडीशेप घातलेलं. म्हणाला, शनिवारचा बेत दिसतोय, फ्रीजमध्ये ठेव, काही होत नाही. मी नुसता डोळा मारला. शनिवार कशाला? याला काय ठाऊक उद्या माझ्याकडे कोण येणार आहे!

१६ फेब्रुवारी, शुक्रवार, दुपारी चार

जमलं. जमलं! सॉसेज खरपूस परतलं, बटाटे चमच्यानं तुटतायत पण विरघळत नाहीत. गॅस बारीक. क्रीम फाटलं नाही. घरभर तिचा वास, म्हणजे तिच्या सूपचा. जिन्यात जाऊन पुन्हा आत आलो, फक्त वास घ्यायला. तीनदा.

दाढी केली. निळा शर्ट. टेबलावर दोन वाडगी.

तोच दिवस, संध्याकाळी

आली. स्वतःची गाडी नव्हती, बहिणीच्या नवऱ्याच्या गाडीतून आली. तो खाली उतरलाच नाही, इंजिन चालू ठेवून रस्त्यातच थांबला. त्याला वर हाक मारणार होतो, ती म्हणाली, नको, आम्हाला लगेच निघायचंय. आम्हाला.

कपडे बॅगेत भरून झाल्यावर म्हटलं, दोन मिनिटं बस. बसली, कोट घालूनच. समोर सूप ठेवलं. तिनं वाडग्यात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या चर्चच्या कॅलेंडरकडे.

शुक्रवार! उपासकाळातला पहिला शुक्रवार, आणि मी बाईच्या पुढ्यात वाडगंभर डुकराचं मांस ठेवलेलं! शुक्रवारी मांस खायचं नाही हे आमच्यात शेंबड्या पोरालाही कळतं. पण मला कधी लक्षात ठेवावंच लागलं नव्हतं. ताटात मासा आला की मी समजायचो, उपासकाळ लागला. ते सगळं खातं तिचं होतं.

खरं सांगतो, घाबरलो नाही. उलट मनात म्हटलं, आता! आता छप्पर उडवणार ही. माझी आई निघणार, समुद्र निघणार, सगळं निघणार. मी खुर्चीत नीट सावरून बसलो.

तर ती म्हणाली, असू दे कोसिमो. विसरतं माणूस.

मी म्हटलं, सॉसेज वेचून काढतो. बोटांनी काढायलाही लागलो. म्हणाली, नको, हात भाजतील. छान दिसतंय सूप. क्रीम नाही फाटलं.

मग राहवलं नाही. विचारलं, तू ओरडत का नाहीस?

तिनं वाडगं हळूच माझ्याकडे सरकवलं. म्हणाली, या उपासाला मी तुझ्यावर चिडणं सोडलंय. वाटलं होतं फार जड जाईल, दोन दिवससुद्धा निघणार नाहीत. पण बुधवारी सोडलं आणि कोसिमो, मला त्याची आठवणसुद्धा येत नाहीये.

मी म्हटलं, पण ईस्टर झाला की सुरू करशील ना पुन्हा? सगळे करतात. फिलो तर ईस्टरच्या सकाळीच केकवर तुटून पडते.

लोरेटा हसली. इतकं चांगलं ती माझ्याकडे बघून कित्येक वर्षांत हसली नव्हती. नाही रे, म्हणाली. खालून हॉर्न वाजला. बॅग मी उचलून दिली. जड नव्हती.

१७ फेब्रुवारी, शनिवार

आज मांस चालतं. सूप गरम केलं, बारीक गॅसवर. पण एकट्याला चमचा उचलवेना.

दुपारी फिलो आली. कोट टाकता टाकताच म्हणाली, सांग, आता काय दिवे लावलेस? मी सगळं सांगितलं. शुक्रवार, सॉसेज, बोटांनी वेचायला लागलो ते, ईस्टरचं विचारलं ते. वाटलं, आता ही तरी बोलेल. गाढवा म्हणेल, बैल म्हणेल, आई असती तर तिला सांगितलं असतं म्हणेल.

फिलोनं दोन वाडगी काढली. तिनं स्वतःला वाडगंभर सूप वाढून घेतलं, मला वाढलं, माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

तेव्हा मला रडू फुटलं. लोरेटा परत येणार नाही.