चपलेचा अंगठा

पप्पा, चार दिवसांपूर्वी मला एका पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसवलं होतं. वाडगा म्हणजे डोळे तपासायचं यंत्र, पण आतून आपल्या पिठाच्या परातीएवढं आणि घासूनपुसून ठेवल्यासारखं कोरं. एक डोळा पट्टीने झाकलेला, हनुवटी एका खाचेत, हातात बटण. तपासणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, समोरच्या ठिपक्याकडेच बघायचं. कडेला कुठेही बारीक दिवा दिसला की बटण दाबायचं. मध्येमध्ये बराच वेळ काहीच दिसणार नाही, घाबरू नका." तिने खोलीत अंधार केला आणि दिवे यायला लागले. एक वर, एक खाली, एक अगदी अंधुक, मे महिन्याच्या शेवटी विहिरीकडच्या झाडीत काजवे चमकायचे तसे. मी दाबत गेले. मग काहीच येईना. अंगठा बटणावर ठेवून मी त्या पांढऱ्या पोकळीत बसून राहिले, किती वेळ कोण जाणे, आणि झोप लागण्याच्या जरा आधी जसं काहीबाही ऐकू येतं तशी मला शिट्टी ऐकू आली. आपल्या साताऱ्याकडच्या कंडक्टरकाकांची. तुमच्या लाल गाडीच्या मागून.

तुम्ही जाऊन सव्वीस वर्षं झाली आणि मी तुम्हाला पहिल्यांदाच लिहिते आहे, तेही शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर. तुम्हाला वाचता येणार नाही हे मला कळतं. तसं शेवटी शेवटी तरी तुम्हाला कुठे वाचता येत होतं? पेपर मीच वाचून दाखवायचे, आणि मधला मजकूर गाळला की तुम्ही बरोबर पकडायचात.

तुमच्या गाडीचा शेवटचा थांबा आपल्याच गावात, चर्चसमोर. तिथे गाडी वळवायला जागा नव्हती. एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला क्रूस, आणि मधून ती एवढी मोठी गाडी तुम्हाला मागे घ्यावी लागायची. शाळा सुटली की मी वसईच्या स्टँडवर तुमची गाडी धरायचे आणि तुमच्या केबिनच्या मागच्या पहिल्या सीटवर बसून शेवटपर्यंत यायचे. उतारू उतरले की काका खाली उतरून मागे जायचे आणि शिट्टी सुरू करायचे, शिवाय पत्र्यावर थापा. "येऊंद्या, येऊंद्या डायवर, अजून लई जागा हाय!" तुम्ही एका हाताने चाक फिरवता आहात, मान सरळ, नजर समोरच्या चिंचेवर. आरशातसुद्धा बघत नाही. उन्हं केळीच्या पानांतून येऊन तुमच्या खाकी शर्टावर हलताहेत, आणि आख्खी गाडी मागे मागे जाते आहे. मला वाटायचं, आपण अशाच मागे जात राहणार, समुद्रापर्यंत.

एकदा मी विचारलं, "पप्पा, तुम्हाला भीती नाही वाटत? मागचं काही दिसत नाही तरी?"

"मना दिसायला कशाला पायजे? तो हाय ना मागे."

"आणि शिट्टी थांबली तर?"

"तर आपन थांबायचा. ब्रेक मारून गप बसायचा. तो गेला असा नाय समजायचा. तो बगतो हाय, म्हनून गप हाय."

हे मी मनावर घेतलं आणि तोंडघशी पडले. धर्मशिक्षणाच्या वर्गात सिस्टरनी विचारलं, देव आपल्याला वाट कशी दाखवतो? कुणी म्हणालं आज्ञांमधून, कुणी म्हणालं देवदूत पाठवून. मी हात वर करून म्हणाले, "मागे उभा राहून, शिट्टी वाजवून." सगळा वर्ग हसला. सिस्टर नाही हसल्या. देव नेहमी आपल्या पुढे चालतो, असं म्हणून त्यांनी मला तास संपेपर्यंत उभं केलं. घरी येऊन मी रडत रडत सांगितलं. तुम्ही मोरीत हात धूत होता. नीट ऐकून घेतलंत, हात पुसलेत आणि गंभीरपणे विचारलंत, "सिस्टरला गाडी चालवता येते काय?" आई चुलीपुढून ओरडली, पोरीला काहीतरी शिकवू नका म्हणून. पण तीही हसत होती.

मग तुमच्या नजरेची डावी बाजू गेली. एका दुपारी तुम्ही गाडी जागेवर लावलीत, आपण होऊन डेपोत गेलात आणि साहेबांना सांगितलंत, डावा आरसा कुठे गेला ते मला कळत नाय, उद्यापासून मला गाडी देऊ नका. कुणी पकडलं नव्हतं, कुठे धडक नव्हती. काचबिंदू हा शब्द आपल्या घरात त्या आठवड्यात आला. आई पदराने तोंड दाबून रडली. म्हणाली, "अजून एक वर्ष गप राहिले असते तर काय बिघडला असता?" तुम्ही पायरीवर बसला होता. म्हणालात, "शिट्टी थांबली गो. आता ब्रेक." मला तेव्हा तुमचा राग आला होता. आई घाबरलेली आणि तुम्ही असे निवांत, जणू कुणीतरी तुम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं.

पुढे उजवीही गेली, आणि रोज सकाळी तुम्हाला चर्चमध्ये मिस्सेला न्यायचं काम माझ्याकडे आलं. हात धरू द्यायचा नाही ही तुमची अट. "हात धरलास तर मी म्हातारा होईन. तू मागून चपला वाजवत चाल." तर तसे आपण चालायचो. तुम्ही पुढे, काठी नाही, हात मागे बांधलेले, आणि मी मागून रबरी सपाता फटफट वाजवत. डावीकडे वळायचं तर मी डावा पाय दोनदा आपटायचे. कुणी समोरून आलं की थांबायचे, म्हणजे तुम्ही थांबायचात. गावातल्या बायका वाडीत मोगरा खुडताना हसायच्या, म्हणायच्या, आली बघ मागचा इंजिन असलेली गाडी. पहाटेचं धुकं, त्यात तुमचा पांढरा शर्ट, आणि दोघांत नुसता तो फटफट आवाज. आता आठवलं की वाटतं, इतकं सुंदर आपण पुन्हा कधीच काही केलं नाही. तेव्हा तसं वाटत नव्हतं. तेव्हा मला झोप येत असायची.

नाशिकच्या शाळेचं नोकरीचं पत्र आलं ते त्या वर्षी. राहायची सोय होती, जूनपासून हजर व्हायचं होतं. मी ते पत्र दोन दिवस उशीखाली ठेवलं, मग तुम्हाला वाचून दाखवलं. मला वाटलं होतं, तुम्ही गप्प व्हाल, निदान एक सुस्कारा सोडाल. तुम्ही लगेच म्हणालात, "जा. देव हाय." इतकं सोपं! पप्पा, मी त्या दिवशी तुम्हाला जे बोलले ते तुम्ही विसरला असाल, मी नाही. मी म्हणाले, "कुठे आहे देव? रोज पहाटे उठते ती मी. चपला झिजतात त्या माझ्या. तुमचा देव माझ्याच चपला घालून चालतो!" तुम्ही जरा विचार केलात आणि म्हणालात, "हां. तसाच करतो तो." म्हणजे मी शिवी दिली आणि तुम्ही ती मान डोलवून कबूल केलीत. मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्सेला जाताना चिंचेच्या अलीकडे, जिथे दोन्ही बाजूंना केळीच केळी आहेत, तिथे चपलेचा आवाज थांबला. तुम्हीही थांबलात. हात मागे, हनुवटी जरा वर, केबिनमध्ये शिट्टीची वाट बघत बसायचात तसे. तुम्ही हाक मारली नाहीत. मागे वळला नाहीत. हाताने चाचपडूनही पाहिलं नाहीत. चर्चची घंटा झाली, तुमचा जीव त्या घंटेत असायचा, तरी तुम्ही हलला नाहीत. पानांवरून दव टपटपत होतं आणि ऊन हळूहळू तुमच्या पायांवरून गुडघ्यांवर चढत होतं. मला ते सगळं स्वप्नातल्यासारखं दिसतं, आवाज नसलेलं. मग फटफट पुन्हा सुरू झाली. मी म्हणाले, "चपलेचा अंगठा तुटला होता." तुम्ही म्हणालात, "नीट झाला काय?" मी हो म्हणाले. आपण उशिरा पोचलो आणि मागच्या बाकावर बसलो.

त्याच संध्याकाळी तुम्ही आईला घेऊन वसईच्या बाजारात गेलात, मला न सांगता. आईने नंतर हसत हसत सांगितलं, दुकानदाराचा तुम्ही अंत पाहिलात म्हणून. त्याला एकेक चप्पल घालून दुकानात चालायला लावलंत आणि कान देऊन ऐकत बसलात. "ही नको, हिला आवाज नाय. ती दुसरी घाल." शेवटी टणक तळाची, टकटक वाजणारी एक जोडी पसंत केलीत. घरी आल्यावर माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "नाशिकला घालून जा. हिचा अंगठा नाय तुटायचा." मी तुमच्या चेहऱ्याकडे खूप वेळ बघितलं. तुमच्या चेहऱ्यावरून कधी काही कळायचं नाही, आणि डोळ्यांनी तर तेव्हा काहीच सांगायचं सोडून दिलं होतं.

मी गेले. तुम्हाला मिस्सेला आई नेऊ लागली. तिला चपला वाजवायची गरजच नव्हती, तिचं बोलणं पुरेसं होतं. तुम्ही आणखी तीन वर्षं तसे चाललात आणि मग एका दुपारी झोपेतच थांबलात.

तर ते यंत्र. तपासणी झाल्यावर त्या मुलीने एक कागद छापून दिला. डाव्या डोळ्याच्या गोलात एका कडेला काळे डाग होते. मी विचारलं, इथे दिवे लागलेच नव्हते का? ती म्हणाली, "लागले होते मॅडम. तुम्हाला दिसले नाहीत." डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला होतं? म्हटलं, वडिलांना. ते म्हणाले, तुमचं बरंच लवकर सापडलंय, गेलेली नजर परत येत नाही, पण थेंब चुकवले नाहीत तर उरलेली टिकवता येते. मी रिक्षाने आचोळ्याला घरी आले, थेंबांची बाटली पिठाच्या डब्यामागे लपवली आणि कुणाला काही बोलले नाही. तुम्ही लगेच डेपोत जाऊन सांगितलंत. मी तुमची मुलगी, मी बाटली लपवली.

कारण असं की तुमच्या नातीला पुण्याला नोकरी लागते आहे. तुमचा जावई गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. तिला हे सांगितलं तर ती जाणार नाही. न सांगता पाठवावं, तर ते खोटं. आणि खरं सांगून वर "जा, देव आहे" म्हणायचं, तर त्यासाठी तुमची छाती हवी. चार दिवस मी रोझरीची माळ हातात घेऊन बसले. एक अक्षर ऐकू आलं नाही. लहानपणापासून मला देवाशी बोलायची सवय, माझं बोलणं संपलं की पलीकडून काहीतरी हलल्यासारखं वाटायचं. आता तिकडे अगदी गप्प. मी देवावर चिडले, मग रडले, मग त्या कागदावरचे काळे डाग आठवले. लागले होते मॅडम. तुम्हाला दिसले नाहीत. हे वाक्य मी पोळ्या लाटताना किती वेळा मनात म्हटलं असेल. कुणा फादरच्या प्रवचनाने जे झालं नसतं ते त्या नोकरी करणाऱ्या पोरीने केलं.

आज सकाळी सांगितलं. मी ओट्याशी तांदूळ धूत होते, ती मागे टेबलाशी चहा पीत मोबाइल बघत होती. मी तोंड न वळवताच सांगितलं, काचबिंदू, डावा डोळा, आजोबांना होता तोच. आणि त्याच दमात म्हणाले, "तरी तू पुण्याला जायचंस." मागे एकदम शांत झालं. कप ठेवल्याचा आवाज नाही, खुर्ची सरकल्याचा नाही. घरात आम्ही दोघी अनवाणी, त्यामुळे ती उठली की बसली आहे, जवळ आली की दाराबाहेर गेली, काही कळेना. माझी मान वळायला लागली होती, खरं सांगते. मी नळाची धार बघत राहिले. तांदूळ किती वेळा धुतले देव जाणे. आणि मग माझ्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, तिचं कपाळ येऊन टेकलं.

"मम्मी, तू किती दिवस एकटीच टेन्शन घेऊन बसल्येस?"

"चार."

"सिरीयसली, पागल आहेस तू." ती रडत होती. जरा वेळाने म्हणाली, "मी गेले तर तुला रविवारी मिस्सेला कोण नेणार?"

मी म्हणणार होते, देव आहे. तोंडापर्यंत आलं. पण मग आठवलं, तो कुणाच्या चपला घालून येतो ते. म्हणून म्हटलं, "येईल कुणीतरी. तू सुट्टीत आलीस की तू." ती हो म्हणाली. ती जाणार आहे, पप्पा. पुढच्या महिन्यात.

हे सगळं लिहून झालं की क्रुसापुढे मेणबत्ती लावून तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचं ठरवलं होतं, पेपर वाचायचे तसं. पण एक ओळ राहिली आहे आणि ती मोठ्याने वाचायला माझा आवाज निघणार नाही. गाळली तर तुम्ही पकडाल. म्हणून वही इथेच मिटते.

चपलेचा अंगठा तुटला नव्हता, पप्पा. मी चपला हातात घेऊन तुमच्या मागे उभी होते.