मावशीचा हसरा फोटो

चहा प्यायलास, वर दुसरा कप मागून घेतलास, आणि जिना उतरून मावशीच्या पोटावर पाय दिलास. एवढंच करायचं होतं तर निदान पाण्यावर तरी भागवायचंस. हे आधी लिहून टाकते. नमस्कार-चमत्कार लिहीपर्यंत राग निवला तर कागद फुकट जायचा.

प्रिय लाडोबा,

हे नाव तुला तुझ्या मावशीनंच ठेवलं. मी तेव्हाच तिला म्हटलं होतं, बहिणीच्या पोराला एवढं डोक्यावर बसवू नकोस, केस उपटेल. माझं कोण ऐकतंय! माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, चौथीतच शाळा सुटली, तेव्हा वाचताना डोळे ताण जरा. खालचा शिंपी म्हणाला, आजी, तुम्ही सांगा, मी लिहितो. नको म्हटलं. सज्जन माणूस, निम्म्या शिव्या गाळून टाकेल.

तुला कोणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा धुलाई कारखान्यात तुझ्यासाठी शब्द टाकला तो हिनंच. ती तिथं मोठ्या इस्त्रीच्या यंत्रावर. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी एकीकडून ओल्या आत जातात, दुसरीकडून कडक होऊन बाहेर येतात, आणि जिथं बाहेर येतात तिथं ही उभी. तोंडावर वाफ, हाताला चटके. तू लहान असताना घरातल्या चादरीची दोन टोकं तुझ्या हातात देऊन घडी घालायला शिकवायची. तू मध्येच टोकं सोडून पळायचास आणि ती हसत सुटायची. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं.

मग तू सुपरवायझर झालास. तुझ्या पाळीतच तिचं यंत्र आलं. घरी येऊन मला म्हणते, आई, आता भाच्याला साहेब म्हणायचं बरं का. मी म्हटलं, ज्याचं नाक पुसलंस त्याला? तर म्हणाली, त्यानंच सांगितलंय, कामावर साहेब म्हणत जा, मावशी, घरी मी लाडोबाच. केवढं कौतुक वाटलं होतं तिला त्याचं! कामावर साहेब आणि घरी भाचा, हे तिनं खरं धरलं. तिथंच फसली.

खोकला तिला होताच. वाफेतून घामाघूम होऊन निघायचं आणि गार वाऱ्यात घरी चालत यायचं, दुसरं काय होणार? छातीत पाणी झालं. डॉक्टरीणबाईंनी सुईनं काढलं, भरलेली बाटली मी या डोळ्यांनी पाहिली. चिठ्ठी दिली, रजा मंजूर झाली, त्यावर सही तुझीच. आडवं पडलं की तिला दम लागायचा, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची.

आणि तू आलास. सफरचंदं घेऊन. जिन्यात तुझा आवाज ऐकला आणि ही उठली. मी म्हटलं, पडून राहा, तो काय लाटसाहेब लागून गेला? नाही म्हणाली, मला असं बघून घाबरेल तो. तोंड धुतलं, केस विंचरले, धुतलेले कपडे चढवले, औषधाच्या बाटल्या पडद्यामागं सारल्या. ओट्याला धरून धरून चहा केला. तू खुर्चीत पाय पसरून गप्पा मारत होतास. मी खिडकीशी बसले होते, पण म्हातारीला कमी ऐकू येतं हे तू धरून चाललास. कमी ऐकू येतं, बाबा. दिसतं चांगलं.

दुसरा कप मागितलास तेव्हा ती पुन्हा उठली. मला तिचे पाय लटपटताना दिसले, म्हणून मी मागं जाऊन तिचा कोपर धरला. तू खिशातून मोबाइल काढलास. म्हणालास, मावशी, हस की जरा, आईला दाखवतो, तिला फार काळजी लागलीय तुझी. आणि ती हातात ट्रे घेऊन हसली. मी सोडलं असतं तर ट्रेसकट तुझ्या अंगावर आली असती. आता वाटतं, सोडायलाच हवं होतं. चहा चांगला कढत होता.

तू खाली उतरलास आणि ती ओट्याशी कोसळली. मला उचलता येईना. मी ओरडले तसा शिंपी टेप गळ्यात घेऊन धावत वर आला. त्यानं खिडकीतून तुला हाक मारली. तू वळून पाहिलंस, हात हलवलास आणि चालू लागलास. टाटा!

बरी होऊन कामावर गेली, तर तिला यंत्रापर्यंत जाऊच दिलं नाही. ऑफिसात नेलं आणि सांगितलं, खोटं आजारपण दाखवून रजा घेतलीत, नोकरी संपली. ती म्हणाली, डॉक्टरांची चिठ्ठी आहे ना. ते म्हणाले, आमच्याकडे फोटो आहे. टाकला तिच्यापुढं. केस विंचरलेली, हातात ट्रे, तोंडभर हसू. तू काचेपलीकडे पाठ करून उभा होतास. तिनं तुला हाक मारली. मावशी म्हणून नाही मारली, साहेब म्हणून मारली, तुझ्या नियमानं. तरी वळला नाहीस. परक्यानं केलं असतं तर मी चार शिव्या देऊन गप्प बसले असते. तू केसानं गळा कापलास.

पगार गेला. कारखान्याचा दवाखाना तिला बंद झाला आणि औषध तर अजून चालूच आहे. दुसऱ्या धुलाईत काम मागायला गेली, तर तिथं आधीच बोभाटा, हीच ती खोटी आजारी. घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. आणि इतकं होऊन बाजू तुझीच घेते. आई, त्याला वरून सांगितलं असेल, तो तरी काय करणार. मी म्हटलं, वरून सांगितलं फोटो काढ. हस की जरा, हे कोणी सांगितलं?

मग मीच तिला कामगार कचेरीत तक्रार करायला लावली. कारखान्यानं कामावरून काढल्याच्या नोटिशीबरोबर तो फोटोही दिला होता. मी उजेडात धरून पाहिला. तू मला कापून टाकलंयस. पण घाई नडली. तिच्या कोपरावर माझी चार बोटं राहिलीत.

काल तुझी आई तुझा निरोप घेऊन आली. माझीच मुलगी, पण तोंड चुकवून बसली होती. म्हणाली, घरातलं घरात मिटवू. सुनावणीत आजीनं एवढंच सांगावं की दुपारी डोळा लागला होता, काही पाहिलं नाही. मी विचारलं, बहिणीचा फोटो बघितलास का गं, काळजी लागली होती ना तुला? म्हणाली, कुठला फोटो? झालं माझं काम. सोमवारी कामगार कचेरीत मी जाणार, शिंपी माझ्याबरोबर येणार. त्या फोटोशेजारी मी माझा हात ठेवणार आणि तो तिथं का होता ते सांगणार. त्यात तुझी नोकरी गेली तर जाऊ दे, मला सुतक नाही. हे तुला न कळवताही करता आलं असतं. मावशी मात्र हात जोडते, आई, त्याला आधी सांग, सावरायला वेळ मिळेल. वेळ देतेय, पण सावरायला नाही. सोमवारपर्यंत तुझा घास घशाखाली उतरू नये, डोळ्याला डोळा लागू नये, त्यासाठी हे पत्र. आणि याचं उत्तर तुझ्या आईनं आणायचं नाही, कारखान्याच्या वकिलानं द्यायचं नाही, मला तर नकोच आहे. सोमवारी सगळ्यांसमोर तूच उभा राहा, तिच्या तोंडाकडे बघ आणि तिला दे.

तुझीच, सोमवारपर्यंत तरी,
आजी