पेल्यावरचे आजोबा

३ मार्च, सोमवार
पासपोर्ट पुन्हा मागितला. वेनपिंग म्हणाला, "बाबा, तो ऑफिसात आहे, मुदतवाढीला दिलाय. कशाला हवाय तुम्हाला?" म्हटलं, छिंगमिंग आलं. थडगी झाडायचा सण. तुझ्या आईच्या थडग्यावर गवत माजलं असेल. "बघू," म्हणाला. नव्या वर्षाला गावी जायचं म्हटलं, तेव्हा त्यानंच छिंगमिंगचा वायदा केला होता.

६ मार्च
रोजे चालू. दिवसभर मॉलमध्ये चिटपाखरू नाही. तरी लांब झगा चढवून काचेमागे बसायचं, किटली हलवायची. डोक्यावर पाटी: 'अकोंगचा चहा, १९२८ पासून'. अकोंग म्हणजे आजोबा, म्हणजे मीच. इथं इंडोनेशियात, सुराबायातल्या प्रत्येक पेल्यावर माझा हसरा चेहरा. कंपनी मुलाची, अजून दुधाचे दात पडले नाहीत तिचे. १९२८ साली आमच्या घरात रताळी पिकत होती. आणि मी जन्मभर शाळामास्तर, साधं गरम पाणी पिणारा!

सूर्य मावळला तशी झुंबड उडाली. पोरी शेजारी उभ्या राहून फोटो काढतात. गल्ल्यावरची रतीह चिनी शिकलेली आहे. म्हणाली, "अकोंग, आज हसू घरी विसरलात वाटतं?"
"घरीच आहे ते. चीनमध्ये, फुचियानला."
"मग गिऱ्हाइकांना काय सांगू, स्टॉक संपला?"

११ मार्च
पहाटे शाळा आठवली. पोरं डोलत डोलत कविता म्हणायची, घर सोडून लांब गेलेल्यांच्या. मी पट्टीनं बाकावर ठेका धरायचो. अर्थ समजावून सांगायचो, मोठ्या थाटात. तेव्हा मी जिल्ह्याची वेससुद्धा ओलांडली नव्हती. काय समजावलं असेल कोण जाणे.

१६ मार्च
जेवताना विषय काढलाच. वेनपिंग म्हणाला, "ईदच्या सुट्टीत मलांगचं दुकान उघडतंय. अकोंग दिसला नाही तर लोक म्हणतील, म्हातारा मेला."
"म्हातारी मेली आहे. तिच्याकडे कोण बघणार?"
सुनेनं माशाचा मऊ तुकडा माझ्या वाडग्यात ठेवला. तो चॉपस्टिक खाली ठेवून म्हणाला, "शाखा घ्यायला आलेले थायलंडचे लोक पहिला प्रश्न हाच विचारतात— तुमचे आजोबा खरे आहेत का? चहा सगळ्यांकडे आहे, बाबा. खरे आजोबा फक्त माझ्याकडे आहेत."
पोरगा वाईट नाही. तिथंच अडतं. वाईट असता तर भांडून निघालो असतो.

२० मार्च
दिवसभर हसलो. गाल दुखतात.

२४ मार्च
रतीहला हळूच विचारलं, फोनवर विमानाचं तिकीट काढता येतं का? "येतं की. पण पासपोर्टचा नंबर लागतो. आणि साहेबांना कळलं तर माझी नोकरीही त्यात जाईल." मग स्वतःच ओशाळली. ती ईदला गावी निघालीय, आईच्या पायांवर डोकं ठेवायला. अख्खं शहरच निघालंय. बसच्या टपांवर गाठोडी, मोटरसायकलींवर पोरंबाळं. मी काचेतून बघतो. किटली हलवतो.

२९ मार्च
वेनपिंग हसत आला. "बाबा, सगळं जमवलं. यंदा छिंगमिंगला तुम्ही आईजवळ असाल."
मी त्याचा हात धरला. बॅग भरली— जाड बुटांचा जोड, लोकरी बंडी, गावात अजून गारठा असेल. स्यूचिनला थडग्यापाशी वाचून दाखवायला चार ओळी लिहिल्या. शेवटची ओळ बसत नाही.

३ एप्रिल
ओळ बसली. विमान किती वाजता, विचारलं. सून नजर चुकवून म्हणाली, "सकाळी गाडी येईल."

४ एप्रिल, छिंगमिंग
गाडी विमानतळाकडे वळलीच नाही. टेकडीवर नवं कबरस्तान आहे, बागेसारखं, फवारे लावलेलं. पुतण्या परवाच गावाहून, थडगं उकरून, स्यूचिनचा अस्थिकलश घेऊन आला. मला विचारलं नाही. तिला तर नाहीच. ती कधी गाव सोडून गेली नव्हती. दगडावर दोन नावं. तिचं सोनेरी. शेजारी माझं, लाल— जिवंत माणसाचं लाल भरतात. वेनपिंग खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "नंतर फक्त रंग बदलायचा, बाबा."