पांढऱ्या रेघेपाशी

३ फेब्रुवारी, सोमवार

आलो एकदाचा. एक बॅग, माझी उशी, माझा चमचा. ताईकडे चमचे आहेत, पण सगळे जड आहेत.

ताईच्या टाचेमागची शीर तुटली – मुलांबरोबर धावता धावता. ऑपरेशन झालं, पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. दाजी मालवाहू जहाजावर स्वयंपाकी, ते काही उन्हाळा लागल्याशिवाय परतत नाहीत. उरलो मी. सडाफटिंग भाऊ असतो कशासाठी!

स्पष्ट सांगून टाकलं – प्लास्टर निघेपर्यंत. मग मी माझ्या खोलीवर. "हो रे बाबा," म्हणाली.

भाचा तेरा वर्षांचा, भाची दहाची. दोघंही स्वमग्न. भाचा दिवसभर एका सुरात घुमतो, म्हणून इंजिन. भाची जागच्या जागी गरगर फिरते, म्हणून भिंगरी. नावं दाजींनी ठेवली. हाक मारली तर दोघांपैकी एकही ओ देत नाही, मग खरं नाव काय आणि हे काय!

ताईची सूचना एकच. "सकाळी धावायला ने. बाकी दिवस ते सांभाळून घेतात."

"आणि नाही नेलं तर?"

"बघशीलच."

४ फेब्रुवारी, मंगळवार

दाजींची सायकल काढली. ते पुढे पळतील, मी मागून आरामात. काय डोकं चालवलं! फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच मागच्या चाकाची टिकटिक इंजिनला सोसेना. कान झाकून रस्त्यातच बसकण मारली. सायकल परत जिन्याखाली. धावलो पायीच. मी – जो समोरून बस सुटली तरी धावत नाही! टाकीपर्यंत जीव मेटाकुटीला आला.

रस्ता ठरलेला. फाटकातून मोठा चौक, चौक ओलांडला की कालव्याकाठची पायवाट, पाण्याच्या टाकीला वळसा, आल्या वाटेने परत. दुसरीकडून न्यायचं नाही. मलाही दुसरीकडून जायचं नाहीच.

एक नियम आहे. चौकात रस्त्यावर पांढरी रेघ आहे. ती आली की थांबायचं. मोठ्या माणसाचा हात हातात आल्याशिवाय पाऊल पुढे टाकायचं नाही. हे शिकवताना ताईच्या नाकी नऊ आले म्हणे. मला काही नवल वाटलं नाही. लहानपणी आमच्या फाटकाशीही चुन्याची रेघ होती. असतेच सगळ्यांकडे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पोटऱ्यांचे दगड झालेत. जिना उलटा उतरलो, कठडा धरून. मागे बघतो तर भिंगरीही उलटीच उतरतेय!

९ फेब्रुवारी, रविवार

स्वयंपाकघरातली ट्यूब गुणगुणते. इंजिन तिथे जेवत नाही, कान झाकून ताट बाहेर नेतो. मलाही घास उतरेना. स्टुलावर चढून ट्यूबच काढून टाकली, साधा बल्ब लावला. ताई म्हणाली, "दोन वर्षं इलेक्ट्रिशियन सांगतोय, आवाज येतच नाही." बहिरा असेल.

दाजींचा फोन. पलीकडे भांड्यांचा खणखणाट. मुलं फोनवर बोलत नाहीत, इंजिन नुसता घुमतो. दाजी तिकडून तसेच घुमले. बराच वेळ दोघांचं ते चाललं होतं. फोनचं बिल कंपनी भरते, माझं काय जातं.

ताईनं मुलांच्या कपड्यांची मानेमागची लेबलं कापायला दिली, टोचतात म्हणून. दोघांचे सगळे शर्ट झाले. माझी मी दुकानातून आणल्या दिवशीच कापतो. टोचतात ती कुणालाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मी वजनकाटे दुरुस्त करतो त्या वर्कशॉपमध्ये औषधाच्या दुकानाचा काटा आलाय. एका बाजूला झुकतो. दुकानदार म्हणतो, झुकू दे हो, गोळ्यांना काय कळतंय! मिस्त्री हसला. मला हसू आलं नाही. सगळा खोलून पुसला, दांडी ज्यावर तोलते ती धार तपासली.

काटा ज्यांच्याशी ताडून बघतो ती प्रमाणाची वजनं चिमट्यानं उचलायची असतात. बोट लागलं की घामानं वजन बदलतं. मला हे काम पहिल्यापासून आवडतं. इथे कुणी कुणाला हात लावत नाही.

इंजिनलाही हात लावलेला खपत नाही. फक्त रेघेपाशी चालतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज चूक झाली.

पाय ठणकत होते. ठरवलं, आज सुट्टी. ताई म्हणाली, "असं करू नकोस." मी म्हणालो, एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय? चादर डोक्यावरून घेतली.

आधी घुमणं वाढलं. मग इंजिन दाराशी जाऊन कपाळ आपटायला लागला. भिंगरीचं फिरणं थांबेना, टेबलाची कड लागली, हनुवटी फुटली. मी तिच्या हनुवटीला फडकं लावत होतो तेवढ्यात कडी वाजली. वळून बघितलं तर दार सताड उघडं. ताई खुर्चीतून ओरडतेय, उठता येत नाही. असा आवाज तिच्या तोंडून मी ऐकलेला नाही.

अनवाणी पळालो. चौक सकाळचा भरून वाहत होता. ट्रक, बस, मोटारसायकली. मला काहीच दिसेना. भीती वाटली. लिहून ठेवतो – फार भीती वाटली.

तो रेघेपाशी उभा होता. पायाची बोटं रेघेला बरोबर लावून. उजवा हात बाजूला, जरासा उघडा.

फळवाली म्हणाली, "केव्हाचा उभा आहे हो. पुढे जा म्हटलं तर हलत नाही. कुणाची वाट बघतोय?"

मी हात दिला. त्यानं वर न बघता धरला. परत फिरावं असं मला वाटत होतं, पण तो पुढेच निघाला. मग तसेच, अनवाणी, टाकीपर्यंत जाऊन आलो.

घरी आलो तेव्हा ताई खुर्चीतूनच भिंगरीच्या हनुवटीला फडकं लावून बसली होती. मला रागावली असती तर बरं झालं असतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

धावलो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

धावलो. शाळेच्या बाई घरी आल्या होत्या. क्रीडा मंडळाची शर्यत आहे, दोन मार्चला, सगळ्यांसाठी खुली. आपल्या मुलांबरोबर घरचं एक माणूस धावलं तरी चालतं. मी म्हणालो, गर्दी, भोंगे, नवा रस्ता – कशाला नसता उपद्व्याप? बाई म्हणाल्या, "रस्ता तोच आहे. कालव्याचाच. फक्त शेवट मंडळाच्या मैदानात."

ताईचा चेहरा फुलला. म्हणाली, "मला एकदा त्यांना समोरून येताना बघायचंय. मी नेहमी मागेच असते रे."

काय बोलणार! हो म्हणालो. मंडळाला कळवलं की सुरुवातीला शिट्टी नको, झेंडा चालेल. त्यांनी मानलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

एक गोष्ट लक्षात आली. धावताना इंजिन घुमत नाही. टाकीपर्यंत अगदी गप्प, नुसता श्वास. आणि भिंगरी हसते. कालव्याचा उतार लागला की खदखदा हसत सुटते, कुणाकडे बघून नाही, कुणासाठी नाही. फिरायला येणारे आजोबा काठी टेकून थांबतात, म्हणतात, "काय झालं हो एवढं?" काही झालेलं नसतं. उतार असतो!

आज उतारावर माझे पाय मोकळे सुटले. दुखणं नाही, धाप नाही. डोक्यातली सगळी किरकिर बंद. टाकी केव्हा आली कळलंच नाही. मला फार बरं वाटलं. लिहून ठेवतो, कारण असं वारंवार होत नाही.

असं आधीही कधीतरी झालंय, असं वाटत राहिलं. केव्हा ते आठवेना.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

ताईला डॉक्टरकडे नेलं. प्लास्टर पुढच्या गुरुवारी निघणार. चालता येईल. धावायचं मात्र विसरा, म्हणाला. "या वर्षी?" ताईनं विचारलं. तो कागद चाळत राहिला. "पुढचं पुढे बघू."

रिक्षात ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मुलांना कोण नेणार, हे मला एका शब्दानं विचारलं नाही. पगारी माणूस ठेवून बघितला होता मागे, दोन दिवसांत पळाला. दाजी जहाजावरून उतरले तर घर चालणार नाही.

मी प्लास्टर निघेपर्यंत म्हणालो होतो. प्लास्टर निघतंय. खोलीचं भाडं चालू आहे. तिथे सगळं माझ्या जागी आहे. शांत आहे. इथे दोन वेळा झोप मोडते, पुस्तकं भिंगरी उलटी लावते. मी माझ्या शब्दाला जागलोय. कुणी बोट दाखवू शकणार नाही.

मग हे एवढं लिहीत का बसलोय?

२ मार्च, रविवार

शर्यत झाली. क्रमाने लिहितो.

ताईला रिक्षानं मैदानात नेऊन बसवलं, शेवटच्या टोकाला. खुर्ची, पायाखाली स्टूल. शाळेच्या बाई सोबत. मी मुलांना घेऊन सुरुवातीपाशी. छातीवरचा नंबराचा कागद इंजिननं फाडला, भिंगरीनं खाल्ला – थोडासा. झेंडा पडला.

पहिला भाग वाईट. खांदे, कोपर, लोकांचे वास. माझ्याच छातीत धडधडत होतं. पण कालवा लागला आणि दोघांना रस्ता ओळखीचा वाटला. इंजिन गप्प झाला. आता चांगलं चाललंय हे मला तेव्हाच समजलं. उतारावर भिंगरी हसली. टाकीशी आम्ही कितीतरी मोठ्या माणसांना मागे टाकलं होतं. मंडळाचा एक माणूस ओरडला, "अरे, ही पोरं बघा!" खोटं कशाला – मला भारी वाटलं.

मैदानात शिरलो. समोर कमान, पलीकडे खुर्चीत ताई, दोन्ही हात वर. आमच्या पुढे फार कुणी नव्हतं. इंजिन, त्याच्या खांद्याला खांदा लावून भिंगरी, मागोमाग मी.

कमानीखाली जमिनीवर पांढरी रेघ. ताजा चुना. चांगली रुंद.

इंजिन थांबला. बोटं रेघेला लावून. भिंगरी थांबली.

लोक ओरडायला लागले. "पुढे! अरे पुढे! एक पाऊल!" माइकवाल्याला वाटलं, दम लागला. मागचे एकेक जण आम्हाला ओलांडून गेले. आम्ही बसची वाट बघत असल्यासारखे उभे.

आम्ही. कारण मीही थांबलो होतो. त्यांना थांबवायला नव्हे, त्यांच्यासाठीही नव्हे. पाय आपोआप थांबले. मी रेघेकडे बघत होतो आणि पुढे जाणं काही केल्या जमत नव्हतं.

तेवढ्यात ताई ओरडली. "बाळ्या! हात!"

बाळ्या! कितीतरी वर्षांत मला त्या नावानं कुणी हाक मारलेली नाही. मी दचकलो. डावा हात इंजिनला दिला, उजवा भिंगरीला. ओलांडली रेघ.

ताई हसत होती की रडत होती, सांगता येत नाही. मंडळाचे सेक्रेटरी आले. "जिंकत आला होतात की! तिघंच्या तिघं थांबलात का?"

मी म्हणालो, "रेघ होती."



३ मार्च, सोमवार

धावलो. ताई कालपासून माझ्याकडे बघून गालात हसतेय. शेवटी विचारलं, काय झालंय काय तुला?

"मुलं थांबली, ते समजलं. तू का थांबलास?"

"थांबायचं असतं."

"कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? लहानपणी सगळ्यांनाच सांगतात. सगळ्यांच्या फाटकाशी असते रेघ."

ती हसायची थांबली. म्हणाली, "विचार बरं एकदा. चार लोकांना विचारून बघ."

५ मार्च, बुधवार

वर्कशॉपमध्ये विचारलं. मिस्त्री म्हणाला, "कसली रेघ?" मालक, वेल्डर, हिशेबाच्या बाई – कुणाच्याच फाटकाशी नव्हती.

घरी येऊन ताईला सांगितलं. ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवली. "आपल्याच होती. तू पळायचास. इंजिनसारखाच – दार उघडं दिसलं की सुसाट! तेव्हा याला काही नाव असतं हेसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. आईनं रेघ मारली. आणि तुझा हात धरायचं काम मला दिलं."

तिनं भाजी पुन्हा चिरायला घेतली.

उद्या तिचं प्लास्टर निघेल. येताना खोलीवरचं उरलेलं सामान घेऊन येतो. फार नाही. उशी आणि चमचा इथेच आहेत.