स्पीकरची वायर आणि तुझा फोन

तीर्थरूप दादा,

नमस्कार. वहिनीचा गुडघा आता वाकतो का? इकडे आम्ही धडधाकट आहोत, फक्त सूनबाईच्या गिटारचा अॅम्प्लिफायर आजारी आहे आणि त्यात तुझा हात आहे. परवा तू फोन केलास तेव्हा ती बाहेर गेली होती आणि ते जुन्या रेडिओसारखं काचेच्या व्हॉल्व्हवालं धूड नुसतंच गुणगुणत होतं. तूच ओरडलास, "अगं, आधी तो आवाज बंद कर!" मी मागची सगळ्यात जाड वायर उपटली. आवाज थांबला, दिवा मात्र चालूच (मला वाटलं, दिवा आहे म्हणजे प्रकृती ठीक आहे).

मग सूनबाई आली. तिने तारा छेडल्या, आवाज नाही. तिने सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवून जोरात छेडल्या. तरी नाही, पण काहीतरी करपल्याचा वास सुटला. (मी स्वयंपाकघरात धावले. गॅस बंदच होता.) इतक्यात अॅम्पचा फ्यूज उडाला. चिरंजीवांनी, इंजिनियर ना, जाडसर फ्यूज बसवला, तेव्हा व्हॉल्व्ह निखाऱ्यासारखे लाल झाले आणि धूर निघाला.

दुरुस्तीवाल्याने मीटर लावला आणि स्पीकरला जोर पुरवणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर आतून जळाल्याचं सांगितलं. म्हणाला, "स्पीकर काढून व्हॉल्व्ह अॅम्प कधी वाजवायचा नाही. आधी स्पीकर जोडायचा, मग बटण दाबायचं. आणि फ्यूज उडाला की कारण शोधायचं, मोठा फ्यूज नाही शोधायचा." चिरंजीव छताकडे बघू लागले. पण दादा, स्पीकर काढला म्हणजे त्याचं काम कमी झालं ना? मग आराम मिळायच्या ऐवजी ते जळलं कसं? "जोराला बाहेर जायला वाट उरली नाही, तो आतच उसळला," असं त्याने दोनदा समजावलं, मी दोनदा मान हलवली, डोक्यात काही शिरलं नाही.

सूनबाई त्या थंड खोक्यावर हात ठेवून बसून राहिली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं. शनिवारी तिचा कार्यक्रम आहे आणि नवा ट्रान्सफॉर्मर यायला दोन आठवडे लागतील.

तुझी,
धाकटी बहीण

ता.क. तुझ्या माळ्यावरचा व्हॉल्व्ह अॅम्प शुक्रवारपर्यंत घेऊन ये. स्पीकरसकट.

आणखी ता.क. कार्यक्रमात ती वाजवणार आहे आणि गाणार मी आहे. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. अॅम्प पोचवलास की तूही लगेच परत जा, ओळखीचं माणूस समोर दिसलं की माझा सूर हलतो.